नितेशच्या गाडीचा ठोका

माझा कान चुकत नाही! ही फुशारकी नाही, अमरावतीत कुणालाही विचारा. साईनगरपासून गाडगेनगरपर्यंत जी मुलं तबला शिकली, त्यांतली निम्मी माझ्या हाताखालून गेली आणि उरलेली निम्मी माझ्या हाताच्या भीतीनं दुसऱ्या क्लासला गेली. दाराबाहेर चप्पल वाजली की कोण आलं ते मी आतून सांगतो. शेजाऱ्यांचा मिक्सर सुरू झाला की चटणी शेंगदाण्याची आहे की जवसाची, तेही सांगतो. माझी बायको रागिणी म्हणते, "यायले सगळं आयकू येते, फक्त मी हाक मारली का येत नाई." पण ते वेगळं. त्याचा कानाशी संबंध नाही.

तेव्हा गेल्या मे महिन्यात आमच्या भाच्याचा, नितेशचा फोन आला, तो अगदी योग्य माणसाला आला असं माझं प्रामाणिक मत होतं.

"मामाजी, गाडी ठोकून राहिली!"

"कोणाले ठोकली बे?"

"कोणाले नाई हो! इंजिन ठोकून राहिलं. टक-टक, टक-टक. आन् उद्या पाहुणे येऊन राहिले!"

माझ्या हातातला चहाचा कप तिथंच थांबला. पाहुणे कोण, ते सांगायला हवं.

नितेश म्हणजे माझ्या आशाताईचा थोरला. दर्यापूरकडची शेती धाकटा पाहतो आणि हा चिखलदऱ्याला पर्यटकांना ए.टी.व्ही.वर फिरवतो. ए.टी.व्ही. म्हणजे चार जाडजूड टायरांवर बसवलेली मोटरसायकल समजा. खड्डा, दगड, चिखल, काही मध्ये आलं तरी ती चढून जाते. पठारावर कुंपण घातलेलं एक मैदान त्यानं भाड्यानं घेतलंय, त्यात गोल गोल फेऱ्या. धंदा चांगला आहे. पण लग्नाच्या बाजारात या धंद्याला नाव नाही! मुलीकडचे विचारतात, मुलगा काय करतो? आपण म्हणायचं, गाडीवर फिरवतो. ते विचारतात, कुणाला? आपण म्हणायचं, ज्याला हौस असेल त्याला. त्यावर पलीकडून एकच शब्द येतो, "पाहू." वऱ्हाडात लग्नाच्या बोलणीत 'पाहू' म्हटलं की समजून घ्यायचं, आता ते काही पाहत नाहीत. असे 'पाहू' ऐकून ऐकून नितेशनं नवे कपडे शिवून घ्यायचं सोडून दिलं होतं.

आणि अशात मी एक स्थळ आणलं. अकोल्याची गीतांजली, शाळेत शिक्षिका, बोलकी, हुशार. तिचे वडील बुधाजीभाऊ, बियाण्यांचं दुकान, माणूस भारदस्त आणि कमी बोलणारा. मुलीला फोटो आवडला होता. बुधाजीभाऊ म्हणाले, मुलाचा धंदा डोळ्यांनी पाहतो, मग बोलू. मी फोनवर छाती फुगवून म्हणालो, "पाहाचं काय, बसूनच पाहा! तुमाले गाडीवर बसवून दरीच्या काठाकाठानं अशी फेरी मारून आणतो का जन्मभर याद राहील!"

पलीकडून एक खोकला ऐकू आला. मग आवाज आला, "पाहू."

म्हणजे बघा! आधीच एक 'पाहू' होऊन बसलेला, आणि आता गाडी ठोकत होती. नितेशच्या संसाराची सगळी आशा त्या एका इंजिनावर येऊन ठेपली होती.

"फोन इंजिनजवळ धर," मी म्हणालो.

त्यानं धरला. मी डोळे मिटले. टक... टक-टक... टक.

आता जरा शास्त्र ऐका. मी लगेच मोबाईलवर पाहून घेतलं. अशा इंजिनात पिस्टनचा दांडा, ज्याला रॉड म्हणतात, तो ढिला झाला तर इंजिनाच्या प्रत्येक फेरीला ठोकतो. आणि वरचं टॅपेट ढिलं असलं, तर एक फेरी सोडून एक ठोकतं. म्हणजे रॉड दुगुनीत, दुप्पट लयीत, आणि टॅपेट ठाय लयीत, संथ! तबलजीला आणखी काय पाहिजे? फरक एवढाच की टॅपेट म्हणजे इंजिनाला सर्दी झाली आणि रॉड म्हणजे तिरडी बांधायला घ्यावी.

खरं सांगायचं तर तो आवाज दुगुनीतही बसत नव्हता आणि ठाय लयीतही नाही. त्याला समच नव्हती. पण पंचवीस विद्यार्थ्यांच्या गुरूनं "मला ताल कळला नाही" असं म्हणायचं का? मी म्हणालो, "रॉड आहे. गाडी बंद कर आन् हात लावू नको. मी सकाळी येतो."

सकाळच्या पहिल्या एसटीनं परतवाडा गाठलं. तिथून मोईजला उचलला. मोईज म्हणजे परतवाड्याचा मिस्त्री, घाटात बंद पडणाऱ्या निम्म्या गाड्या त्याच्याच भरवशावर वर चढतात. तोही माझ्यासारखाच, कानाचा अभिमानी. त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून घाट चढताना मी त्याला सगळं समजावलं.

"मास्तर," तो म्हणाला, "रॉड-बिड काई नाई. टॅपेट आहे. मी न आयकताच सांगतो."

"न ऐकता कसं सांगता?"

"तुमी फोनवर आयकून सांगता, मंग मी न आयकता कावून नाई?"

मी मागं घट्ट धरून बसलो. घाटातली वळणंही तशीच होती.

वर पोचलो तर नितेश इस्त्रीचा शर्ट घालून गाडीभोवती येरझाऱ्या घालत होता. मैदानाच्या कडेला त्याची टिनाची खोली, बाहेर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. आत आशाताई शिऱ्याचा रवा भाजत होती. मला पाहून तिथूनच ओरडली, "सूर्यभान, माह्या पोराचं लगन आज तुह्या हातात हाय बरं!"

"काळजी नको ताई," मी म्हणालो, "माझा कान आहे ना!"

"म्हणून तं काळजी हाय," ती म्हणाली.

नितेशनं गाडी सुरू केली. टक. टक-टक. टक. मोईजनं एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढला, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर नळी लावतात तसं. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाला, "टॅपेट."

"आणा इकडं," मी पेचकस घेतला. इंजिनावर सगळीकडं टोक फिरवत नेमकं ते प्लगच्या वायरपाशी नेलं आणि त्याच वेळी माझी बोटं मुठीवरून घसरून सळईला लागली. काय सांगू! कानापासून टाचेपर्यंत एक सणसणीत तिहाई निघाली आणि मी आशाताईच्या तुळशीच्या कुंडीत बसलो!

"काय आयकू आलं?" मोईजनं विचारलं.

"रॉड," मी म्हणालो. माघार घ्यायची नव्हती.

मग सुरू झाली तपासणी. तेलाची पातळी पाहिली, बरोबर. पेट्रोल हुंगलं, चांगलं. साखळी ओढून पाहिली, पायदान हलवून पाहिलं, इंजिन ज्या बोल्टांवर बसतं ते आवळून पाहिले. सगळं ठीक आणि आवाज जिथल्या तिथं! शेवटी मोईज म्हणाला, सीट काढू, टाकी काढू, वरून पाहू. त्यानं सीट काढून बाजूच्या दगडी कठड्यावर ठेवली, एअर फिल्टर झटकला, प्लग घासला. नितेशनं उभ्यानंच गाडी सुरू केली.

आवाज नाही!

आम्ही तिघं श्वास धरून उभे. इंजिन मांजरीसारखं गुरगुरत होतं. टक नाही की टुक नाही!

"प्लग!" मोईज ओरडला. "मी म्हटलं नव्हतं?"

"तुमी टॅपेट म्हटलं होतं! बोल्ट मी आवळायले सांगितले!"

"मामाजी, मोईजभाऊ, कोणाचंही असो, गेला ना आवाज!" नितेशच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. त्यानं सीट लावली, ऐटीत बसला, गाडी पुढं काढली.

टक! टक-टक! टक!

पुन्हा सीट काढली. आवाज बंद. पुन्हा लावली. टक-टक! आता तुमच्यातला कुणीही शहाणा माणूस म्हणेल की, अहो, मग सीटच पाहा ना! पण आम्ही दोघंही जाणकार होतो. जाणकारांना इतकं सोपं सुचत नाही.

"कळलं!" मी मांडीवर थाप मारली. "सीट लावली का माणूस बसते. माणूस बसला का वजन येते. वजन आलं का बेअरिंग दबते आन् रॉड ठोकते! रोग खोल आहे मोईजभाऊ. इंजिन उघडा."

मोईजनं डोकं खाजवलं. "उघडतो. पण आधी टॅपेट उघडतो."

"आधी तेल काढा. बेअरिंग झिजलं असलं का तेलात सोनेरी कण येते." हेही मी मोबाईलवरच वाचलं होतं.

तेल काढायला भांडं पाहिजे होतं. खोलीत आशाताई पाठमोरी होती, दाराशी एक परात भिंतीला टेकून ठेवली होती. मी ती उचलली. काळंशार तेल त्यात धो धो ओतलं. मी परात उन्हात धरून तिरपी केली आणि माझ्या काळजाचा ठोका चुकला! तेलात कण चमकत होते. पिवळे, सोनेरी, भरपूर!

"पाहा!" माझा आवाज चिरकला. "गेलं बेअरिंग! इंजिन खलास!"

मोईजनं वाकून पाहिलं आणि त्याचाही चेहरा उतरला. नितेशनं तर इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनंच कपाळ पुसलं. "मामाजी, पाहुण्यायले आता काय सांगाचं? गाडी मेली म्हणून सांगू?"

मोईजनं टॅपेटचं झाकण काढून पोत्यावर ठेवलं. त्यापाठोपाठ बोल्ट, वायसर, प्लग, टाकी, नळ्या. पोतं भरत गेलं तसतशी गाडी ओकीबोकी दिसायला लागली. मी म्हणत होतो, "आता पूर्ण इंजिन उतरवा, रॉडपर्यंत जा," आणि मोईज म्हणत होता, "एकदा खाली उतरवलं तं आज चढत नाई मास्तर." तेवढ्यात आतून किंकाळी आली.

"माही परात कोण नेली?"

आशाताई कलथा घेऊन बाहेर! परातीत तेल पाहून तिनं तोंड उघडलं. ते सगळं इथं लिहिता येणार नाही. शेवटचं तेवढं सांगतो. "भाजला रवा काढला होता त्याच्यात मी! थोडासा राहिला होता काठाले, तं धुवाले ठेवली होती! आता यायनं त्याच्यात काळं तेल ओतलं! पाहुण्यायले काय, इंजिनाचा शिरा देऊ?"

मी परातीकडं पाहिलं. बोट बुडवून एक सोनेरी कण काढला. दाताखाली धरला. भाजका रवा होता.

"म्हणजे बेअरिंग..." नितेश म्हणाला.

"बेअरिंग चांगलं आहे," मी घाईनं म्हणालो. "चांगली बातमी आहे ही!"

आणि तेवढ्यात नितेशचा फोन वाजला. त्यानं ऐकलं, "हाव... हाव... या न," म्हणाला आणि फोन खाली ठेवून आमच्याकडं असं पाहिलं की मला माझ्या बहिणीचा लहानपणीचा नितेश आठवला, जत्रेत हरवला होता तेव्हाचा. "दुपारी येणार होते ते. घाट चढून राहिले."

मग जी धावपळ झाली! मोईज टॅपेटच्या मागं लागला, मी नळ्या उचलून त्याच्या हातात देऊ लागलो, त्यानं मागितली ती सोडून दुसरीच. "मास्तर, ते नाई! मास्तर, ते बी नाई! मास्तर, तुमी खुर्च्या पुसा!" मी खुर्च्या पुसल्या. हाताचं ग्रीस खुर्च्यांना लागलं. नितेशनं शर्ट बदलला आणि नव्या शर्टानं पुन्हा बोल्ट उचलला. बोल्ट एकीकडं, नट दुसरीकडं. आणि रस्त्यावर धूळ उडवत एक पांढरी गाडी वळली.

बुधाजीभाऊ उतरले. धोतर-टोपी नाही, सफारी. मागून गीतांजली. आईच्या गुडघ्यांना घाट नको म्हणून दोघंच आले होते. बुधाजीभाऊंनी नजर फिरवली. पोत्यावर पसरलेली गाडी पाहिली. काळ्या हातांचा नवरदेव पाहिला. तुळशीची माती बुडाला लागलेला मध्यस्थ पाहिला. चेहरा दगडासारखा.

"या, या बुधाजीभाऊ!" मी पुढं झालो. "जरा... सर्व्हिसिंग सुरू आहे. गाडीले जपाले लागते न!"

"हूं," बुधाजीभाऊ म्हणाले. कपाळावर घाम होता. एवढ्या थंड हवेत!

संपलं सगळं, मी मनात म्हटलं. पोराची शेवटची आशा माझ्या हातानं पोत्यावर मांडून ठेवली! खरंच सांगतो, त्या वेळी मला रडू येत होतं.

गीतांजली एका खुर्चीवर बसली, दुसरीवर आशाताईनं पोह्यांचं ताट मांडलं. बुधाजीभाऊ मात्र कुणी काही म्हणायच्या आत जाऊन कठड्यावर ठेवलेल्या त्या गाडीच्या सीटवर बसले. मऊ दिसली असेल. बसले आणि अस्वस्थ माणसाची हलते तशी त्यांची मांडी हलू लागली.

टक.

मी मान वर केली. मोईजनंही केली.

टक-टक. टक.

आमच्या दोघांच्या नजरा भेटल्या. इंजिन झाकण काढून उघडं पडलं होतं. त्यात तेल नव्हतं, प्लग नव्हता, टाकीही नव्हती. आणि ठोका येत होता! तोच! बेताल, बेसम, मी तो ओळखला नसता तर पुन्हा तबलजी म्हणून नाव लावलं नसतं!

मी भारल्यासारखा पुढं गेलो. बुधाजीभाऊंच्या बाजूला गुडघे टेकले आणि कान त्यांच्या सफारीपाशी नेला. दुसऱ्या बाजूनं मोईज आला, त्यानं सवयीनं पेचकस काढला, मूठ कानाला लावली आणि टोक बुधाजीभाऊंच्या मांडीखाली सरकवलं.

"काय करून राहिले तुमी?" बुधाजीभाऊ कडाडले.

"शूऽऽ!" आम्ही दोघं म्हणालो.

"सूर्यभान!" आशाताई किंचाळली. "सोयऱ्याच्या कुठं कान लावून राहिला तू?"

"बुधाजीभाऊ, जरा हला," मी विनवलं. "मघाशी हालत होते तसंच. तुमाले हात जोडतो!"

बुधाजीभाऊ हलले नाहीत, ताडकन उठले. सीट कलंडून उलटी पडली. आणि सीटच्या पोटात, पोकळीत कोंबून, लाल कापडात घट्ट बांधलेलं काहीतरी दिसलं. मोईजनं ते ओढून काढलं आणि हलवलं.

टक-टक!

"नारळ!" नितेश म्हणाला.

"त्याले हात लावू नका!" आशाताई कलथा उगारून धावली. "गाडीच्या पूजेचं हाय ते! दसऱ्याले मीच बांधलं होतं, नजर लागू नये म्हून!"

दसऱ्यापासून तो नारळ इंजिनाच्या उबेवर वाळत बसला होता. वाळता वाळता आतला खोबऱ्याचा गोटा सुटला आणि लागला कवटीत आपटायला! आणि त्याच्यासाठी आम्ही अख्खी गाडी पोत्यावर मांडली होती. मी खाली पाहिलं. मोईजही खालीच पाहत होता.

तेवढ्यात कुणीतरी खुदकन हसलं. गीतांजली! ओढणी तोंडाशी धरून ती हसत होती, थांबता थांबेना. "बाबा, तुमच्या खाली नारळ वाजून राहिला होता!"

बुधाजीभाऊ हसले नाहीत. त्यांनी पोत्यावरची गाडी पुन्हा एकदा नीट पाहिली. "मास्तर," ते हळूच म्हणाले, "म्हणजे आज हे गाडी चालत नाई?"

"नाही हो," मी मान खाली घातली.

"दरीच्या काठानं फेरी बी नाई?"

"कशी होईल?"

बुधाजीभाऊंनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की पोह्यांवरची कोथिंबीर उडाली. "बरं झालं! तुमी फोनवर म्हटलं तवापासून मले झोप नाई. लोक म्हणतीन, सासरा भित्रा आहे, म्हून काई बोललो नाई. मले पोरगा पसंत आहे मास्तर! गाडी अशीच राहू द्या!"

माझा जीव भांड्यात पडला. आशाताईनं कलथा खाली केला. नितेशनं काळे हात पँटला पुसले, नवी पँट होती. आता शिरा वाटायचा एवढंच बाकी!

"पण बाबा," गीतांजली म्हणाली, "मी तं गाडीवर बसाले आली."

सगळे तिच्याकडं वळले.

"मले जन्म काढाचा आहे यायच्यासंगं. यायचा धंदा मी बसून पाहीन, आन् मंग सांगीन." मग ती नितेशकडं वळली. "जोडता न गाडी? का तुमाले नुसती उघडता येते?"

नितेश लाल झाला. "जोडतो न!"

झालं! भांड्यात पडलेला जीव पुन्हा बाहेर! आता पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर गाडी जोडायची होती आणि ती सुरू व्हायलाच पाहिजे होती. मोईजच्या कपाळावरून घाम गळत होता. टॅपेट बसवताना तो मधली फट मोजायची पत्ती घालून पाहत होता, तर बुधाजीभाऊ खांद्यावरून वाकून विचारत होते, "हे कायचं? हे ढिल्लं झालं तं गाडी उलटते का?" गीतांजली विचारत होती, "किती वेळ?" आशाताई विचारत होती, "शिरा गरम करू का?" आणि मी, मदत व्हावी म्हणून, मोईजला रॉडबद्दल आणखी थोडं सांगत होतो. झाकण लागलं. नवं तेल पडलं. टाकी, नळ्या, प्लग चढले. पोत्यावर काही उरलं नाही, हे मी स्वतः पोतं झटकून पाहिलं.

"सीट लावतो," मोईज म्हणाला, "बिना नारळाची."

"ना बा!" आशाताई आडवी आली. "पूजेचं नारळ काढलं आन् आजच माह्या सुनेले बसवता?"

"बराबर आहे बाईचं!" बुधाजीभाऊ घाईनं म्हणाले. "नारळ ठेवा! पायजे तं आणखी एक बांधा!"

नारळ होता तिथं गेला. नितेश पुढं बसला, गीतांजली मागं. नितेशनं कळ दाबली. इंजिन खोकलं... एकदा... दोनदा... आणि सुरू झालं! बुधाजीभाऊंनी डोळे मिटून घेतले. गाडी मैदानात निघाली, कुंपणाच्या आतून, हळूहळू, गोल. दरी कुठल्या कुठं लांब होती.

टक... टक-टक... टक. नारळ वाजत होता. मी समाधानानं ऐकत होतो.

आणि मग मला त्याच्याखाली दुसरा आवाज ऐकू आला.

टिक. टिक. टिक. टिक. बारीक, सरळ, एक फेरी सोडून एक. शुद्ध ठाय! हा नारळ नव्हता. आज सकाळपर्यंत हा आवाज या गाडीत नव्हता.

मी मोईजकडं पाहिलं. मोईज आकाशाकडं पाहत होता.

"मोईजभाऊ," मी ओठ न हलवता म्हणालो, "टॅपेट?"

"म्हटलं होतं न मी टॅपेट आहे म्हून," तो तितक्याच हळू म्हणाला. "इतके लोक डोक्यावर! फट जास्त राहिली माह्याकडून. काई होत नाई गाडीले, आवाज तेवढा येते. उद्या गुपचूप येऊन करून देतो."

गाडी वळसा घालून आमच्यापाशी येऊन थांबली. इंजिन सुरूच. गीतांजलीचे केस विस्कटले होते, डोळे चमकत होते आणि नितेशच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी दुसरीकडं पाहिलं. पण तिनं मान तिरपी करून इंजिनाकडं कान लावला.

"मामाजी, अजून आवाज येऊन राहिला न? बारीक असा. तुमचा कान तं म्हणे चुकत नाई. कायचा आहे हा?"

बुधाजीभाऊ दचकले. "कायचा? कायचा आवाज? मी म्हटलं न, राहू द्या म्हून!"

नितेश माझ्याकडं पाहत होता. आशाताई शिऱ्याची ताटली घेऊन जागच्या जागी उभी होती. सगळ्यांच्या नजरा माझ्या कानावर!

"नारळ!" मी म्हणालो.

"नारळच!" मोईज म्हणाला.

गीतांजलीनं क्षणभर आम्हा दोघांकडं पाहिलं. मग हसली आणि वडिलांकडं वळली. "बाबा, हो म्हणा."

आशाताईनं शिरा पहिल्यांदा सुनेच्या तोंडात घातला आणि तिथंच रडायला लागली. बुधाजीभाऊंनी भरल्या तोंडानं येऊन माझे दोन्ही हात धरले. "मास्तर, मानलं तुमच्या कानाले!"

बाजूला गाडी सुरूच होती. टिक, टिक, टिक, टिक, एक फेरी सोडून एक, इतकी सुरेख लय की माझा पाय आपोआप ताल धरू लागला. मोईजनं त्या पायावर आपला पाय ठेवला आणि चांगला दाबला.